बेकारी फंडाचा सहावा नियम

यूनुसभाई,

काल शुक्रवारी फंडाची सभा झाली. तुमच्याशिवाय पहिलीच; मागच्या शुक्रवारी भरवली नव्हती. पाऊण तासात आटोपली. इतक्या वर्षांत आपली सभा दोन तासांच्या आत कधी संपल्याचं मला आठवत नाही, कारण प्रत्येक ठरावाला तुमचा हात वर जायचा आणि तुम्ही म्हणायचात, "एक शंका आहे." काल कुणालाच शंका नव्हती. पाटकर तर चहा येण्याआधीच बूट घालायला लागला. का, ते सांगतो, पण आधी मागचं सांगायला हवं.

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. लोक माझ्याकडे येऊन हात हातात घेतात. अब्बासियात, आखातातल्या आपल्या या वस्तीत, आपली दोस्ती सगळ्यांना माहीत. "तुमचा तर भाऊच गेला," म्हणतात. मी मान हलवतो आणि खाली बघतो. त्यांना वाटतं, दुःखाने. दुःख आहेच. पण मान खाली जाते ती शरमेने, आणि हे कालपर्यंत तुमच्या-माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आपली ओळख झाली ती माझ्या लॅबच्या खिडकीपाशी. तुम्ही साखर तपासायला आला होतात. केरळच्या सिस्टरने तुमचं नाव तीनदा चुकीचं पुकारलं आणि चौथ्यांदा तुम्ही मागून ओरडलात, "आलो, आलो!" अस्सल मराठीत. मी रक्त काढता काढता विचारलं, गाव कुठलं? निघालं दाभोळ खाडीवरचं. तुमचं गाव एका काठाला, माझं समोरच्या. तुमच्या मशिदीची बांग लहानपणी मी पाण्यावरून ऐकलेली. "म्हणजे आपण शेजारी," तुम्ही म्हणालात. "मधे जरा पाणी आहे, एवढंच." त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी 'दिनकर, तू' झालो आणि तुम्ही सहा वर्षांनी मोठे म्हणून 'यूनुसभाई, तुम्ही'.

तुम्ही तेव्हा बांधकामाचं सामान विकणाऱ्या एका कंपनीत स्टोअरकीपर होतात. पाच माणसांच्या खोलीत राहायचात. सभेत बोलताना पुस्तकी मराठी. "माझ्या नम्र मते" वगैरे. मराठी शाळेत शिकलेला माणूस! आणि राग आला की एकदम गावची बोली. तुम्ही नम्र मतावरून गावच्या बोलीवर आलात की सगळे सावरून बसायचे.

फंड तुमच्या डोक्यातून निघाला. एक कंपनी रातोरात बंद पडली आणि तिच्यातली आपली अकरा माणसं एकदम रस्त्यावर आली. तुम्ही मला खोलीवर बोलावून घेतलंत. खाटेवर बसवलंत, स्वतः तेलाच्या डब्यावर बसलात आणि म्हणालात, "इथल्या नागरिकाची नोकरी गेली तर त्याला सरकारी विमा आहे. पगारातून थोडं थोडं कापतात आणि वेळ आली की देतात. ही भीक नाही, दिनकर. तो आपलं भरलेलंच परत घेतो. आपल्याला कोण आहे? आपणच आहोत. मग आपण का नाही करायचं?"

माझं अक्षर चांगलं म्हणून नियम मी लिहिले. बारा नियम. दर महिन्याला प्रत्येकाने सारखी वर्गणी भरायची, नोकरी गेली की तीन महिने ठरलेली मदत. सहावा नियम माझा स्वतःचा होता: 'स्वतःहून राजीनामा देणाऱ्यास मदत मिळणार नाही.' मला त्याचा अभिमान होता. खऱ्याखुऱ्या विम्यासारखं वाटत होतं. तुम्ही वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "हा जरा बघावा लागेल." मी म्हटलं, बघू. चिटणीस म्हणून माझं नाव लागलं, खजिनदार म्हणून पाटकरचं. पाटकर आमच्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. माणूस वाईट नाही. कागदाबाहेरचं काही त्याला दिसत नाही, इतकंच.

मग सुरू झाली तुमची सुधारणा. दर सभेत.

पहिलं भांडण वर्गणीचं. तुमचं म्हणणं, सगळ्यांकडून सारखी घेणं हा अन्याय आहे, पगार बघून घ्या. हॉस्पिटलवाल्यांनी जास्त भरावी, साइटवरच्यांनी कमी. पाटकर म्हणाला, "आमची नोकरी तर जात नाही. आम्ही आधीच फुकट भरतोय." मी त्याच्याही पुढे गेलो. मी म्हटलं, उलट ज्याच्या नोकरीला धोका जास्त त्याने जास्त भरावं, विम्याचा हिशेब असाच असतो. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. "म्हणजे ज्याचं छप्पर गळतं त्यानेच गावाच्या कौलांचे पैसे द्यायचे?" आणि मग गावच्या बोलीत, "तुजी नोकरी जानार नाय, म्हनून तू असा बोलतोस." सगळे हसले. मीही हसलो. तेव्हा लागलं नाही. आता लागतं.

दुसरं भांडण तीन महिन्यांचं. तुम्ही बोटांवर मोजून दाखवायचात. नोकरी शोधायला महिना-दीड महिना, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, नव्या कंपनीवर चढायला तेवढाच, आणि पहिला पगार त्याच्यानंतर महिन्याने. "मदत संपते तेव्हा माणूस अर्ध्या पाण्यात असतो," तुम्ही म्हणायचात. "सहा महिने करा. रक्कम कमी करा हवी तर, पण सहा करा." आम्ही म्हणायचो, फंड बुडेल. तुम्ही म्हणायचात, माणूस बुडाला तरी चालेल का? हे भांडण तुम्ही असेपर्यंत अर्धवटच राहिलं. मी फक्त आवाज वाढवायचो.

आणि मग विलासचं प्रकरण आलं. महाडचा विलास, एसी मेकॅनिक. कंपनीने राजीनाम्यावर सही घेऊन त्याला काढलं. इथे हे नेहमीचंच. काढून टाकलं तर कंपनीला पूर्ण हिशेब द्यावा लागतो, माणसाने स्वतः सोडली तर कमी. म्हणून कंपनीचा मंदूब, सगळी सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस, अरबी कागद पुढे ठेवतो आणि म्हणतो, सही कर, म्हणजे दुसरीकडे जायला रिलीज देतो. विलासने सही केली. फंडाकडे आला. मी सहावा नियम वाचून दाखवला.

तुम्ही उभे राहिलात. "सही कुणी केली हे बघू नका. पेन कुणी दिलं ते बघा."

मी म्हटलं, "यूनुसभाई, उद्या प्रत्येक जण म्हणेल माझ्या हातात पेन दिलं. आपण कुणाकुणाचं खरं मानायचं?"

"विचारायचं. त्याच्याबरोबर काम करणाऱ्या दोघांना विचारायचं. त्याला अर्धा तास लागतो."

मतदान झालं. तुमच्या बाजूने सातच हात. विलास महिन्याभरात गावी परत गेला. विमानतळावर सोडायला तुम्ही गेलात, मला ड्यूटी होती.

त्यानंतर चारच महिन्यांनी तुमच्या कंपनीने माणसं कमी करायला घेतली.

त्या सकाळचं मला सगळं आठवतं. पुढ्यात नमुन्यांचा ट्रे, यंत्र फिरतंय, बाहेर खिडकीशी रांग. तुमचा फोन आला. तुम्ही कामाच्या वेळेत कधी फोन करत नव्हता. आवाज अगदी खाली.

"दिनकर, कागद पुढे ठेवलाय. अरबीत. मंदूब म्हणतो, आज सही केली तर रिलीज आजच. नाही केली तर रजेवर घरी पाठवतील आणि तिकडेच ठेवतील. मी पाणी प्यायला म्हणून बाहेर आलोय. काय करू?"

मी म्हटलं, "सही करा. भांडू नका. रिलीज हातात आला पाहिजे."

"आणि फंडाचं?"

रांगेतली एक बाई खिडकीवर टकटक करत होती. मी म्हटलं, "ते बघू ना. मी आहे."

"तू आहेस म्हणून करतो," तुम्ही म्हणालात आणि फोन ठेवलात.

यूनुसभाई, मी त्या वाक्याकडे बरीच वर्षं पाठ फिरवून राहिलो.

पुढच्या शुक्रवारी सभेत तुमचा अर्ज आला. तुमच्याच अक्षरात, दोन ओळींचा. दबावाखाली सही घेतली, मदत मिळावी. पाटकरने सहावा नियम काढला. तुम्ही उभे राहून शांतपणे सांगितलंत काय झालं ते. "आत मंदूब, मॅनेजर आणि मी. बाकी कुणी नव्हतं." पाटकर म्हणाला, "मग साक्षीदार नाही. यूनुसभाई, वाईट वाटून घेऊ नका, विलासला आपण हेच सांगितलं."

साक्षीदार होता. मी तुमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. माझ्या फोनवर तुमच्या त्या सकाळच्या फोनची वेळसुद्धा होती.

तुम्ही माझं नाव घेतलं नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाहीत. तुम्ही खाली बसलात, कप उचललात आणि वाट बघितलीत. किती वेळ असेल? मला फार वाटला. मला नुसतं एवढंच म्हणायचं होतं, की यांनी मला विचारलं होतं, मीच सांगितलं सही करा म्हणून. सोपं वाक्य आहे.

मी म्हणालो, "नियमाप्रमाणे मला चिटणीस म्हणून काही करता येत नाही."

का म्हणालो? मी स्वतःला बरीच कारणं दिली. मित्रासाठी नियम मोडला असं लोक म्हणतील. विलासला एक न्याय आणि तुम्हाला एक, असं होईल. पण यातलं कुठलंच खरं नव्हतं. खरं असं की तोंड उघडलं असतं तर विलासच्या वेळीही मी चुकलो होतो हे सगळ्यांसमोर आलं असतं. आणि नियम स्वतः लिहून, तो ठाऊक असून, मी तुम्हाला त्याच्यातच ढकललं होतं हेही. मला बरोबर ठरायचं होतं. तुमच्यासमोर, पाटकरसमोर, त्या वीस-पंचवीस माणसांसमोर. तेवढ्यासाठी मी गप्प बसलो.

तुम्ही उठलात. म्हणालात, "ठीक आहे. नियम आहे." आणि पुढच्या विषयाला तुमचा हात नेहमीसारखा वर गेला. "एक शंका आहे."

खाली बकाल्याच्या, किराणा दुकानाच्या, दारात मी तुम्हाला गाठलं. माझ्या खिशात पाकीट होतं, मी घरूनच भरून आणलेलं. म्हणजे घरून निघतानाच मला ठाऊक होतं सभेत काय होणार आणि मी काय करणार. हे तुमच्याही लक्षात आलं असणार. मी पाकीट पुढे केलं. तुम्ही घेतलं नाहीत. रागावलाही नाहीत. समजावून सांगावं तसं म्हणालात, "वर म्हणालास माझा हक्क नाही. मग हे काय आहे, दिनकर?"

मी म्हटलं, "माझ्याकडून."

"तुझ्याकडून मला हे नको होतं." मग तुम्ही खांद्यावर हात ठेवून विचारलंत, "गाडी कुठे लावलीस? दंड होईल इथे."

त्यानंतर मी तुम्हाला टाळलं. हॉस्पिटलात नलिनीला आणि मला, नवरा-बायको दोघांनाही, बढती मिळाली होती, आम्ही रुमैथियाला, चांगल्या वस्तीत, राहायला गेलो. घर लावायचंय, शिफ्ट आहे, मुलीची परीक्षा आहे. निमित्तं सापडत गेली. तुमच्या त्या बेकारीच्या महिन्यांत मी एकदाही विचारलं नाही की तुम्ही जेवता कुठे, घरी पैसे कसे पाठवता. पुढे कळलं, एका हार्डवेअरच्या दुकानात नोकरी लागली. मला सुटल्यासारखं झालं. मनात म्हटलं, झालं ना शेवटी नीट.

तुम्ही परत सभेला यायला लागलात. वर्गणी एकदाही चुकवली नाहीत. आमच्या नव्या घरी आलात, मुलीसाठी खजूर आणि माझ्यासाठी सुके बोंबील घेऊन. ती इंग्रजीत बोलायची, तुम्ही मराठीत उत्तर द्यायचात, आणि एका संध्याकाळी तुम्ही तिच्याकडून 'खाडी' हा शब्द पाचदा म्हणून घेतलात. नलिनी म्हणायची, यूनुसभाई आले की घरात आवाज येतो. तुमच्या वागण्यात कणभर फरक पडला नाही. तुम्ही एकदा कडकडून भांडला असता तर मी कोसळून सगळं बोललो असतो, असं मी स्वतःला सांगत आलो. तेही खोटंच असेल. तुम्ही मला पुरेशी संधी दिलीत. दर शुक्रवारी दिलीत.

मग गेल्या आठवड्यातला तो मंगळवार. दुकानात तुम्ही शिडीवरून खाली उतरलात, पाणी मागितलंत आणि बसल्या जागी गेलात. हॉस्पिटलात मी पोहोचलो तेव्हा चादर ओढलेली होती. मय्यत इथेच करायची असं गावाहून भाभींनी फोनवर सांगितलं. "त्यांना एवढ्या लांब पेटीत घालून नका आणू." तुमच्या खोलीतले लोक, दुकानाचा मालक, फंडातले आम्ही. मी मूठभर माती घातली. मला जागा पुढे करून दिली होती, जवळचा माणूस म्हणून.

त्या संध्याकाळी झुबेदाभाभींशी बोललो. मी काय बोलणार होतो ते ठरवून बसलो होतो, पण त्याच बोलायला लागल्या.

"दिनकरभाऊ, तुमचे उपकार आहेत आमच्यावर. ह्यांची नोकरी गेली होती तेव्हा तुम्ही फंडातून तीन महिने दिलंत. आमच्या आमिनाची नर्सिंगची फी त्यातूनच भरली. हे नेहमी म्हणायचे, दिनकर होता म्हणून."

यूनुसभाई, मी "हो" म्हणालो. भाभी रडत होत्या आणि मी हो म्हणालो. सभेत गप्प बसलो होतो ते बसलोच, आता तोंडाने खोटंही बोललो. आणि तेही तुम्ही रचून ठेवलेल्या गोष्टीवर, जी तुम्ही माझ्या, नाहीतर फंडाच्या अब्रूसाठी रचली होती.

दोन रात्री मला झोप नाही. तिसऱ्या दिवशी तुमच्या खोलीवर गेलो, तुमचं सामान गावी पाठवायला. तुमच्या शेजारच्या खाटेवरच्या सलीमने बॅग भरून ठेवली होती. मी विचारलं, "नोकरी नव्हती तेव्हा यूनुसभाई काय करायचे?"

तो चकित झाला. "तुम्हाला ठाऊक नाय? अम्गऱ्याला जायचे. भंगाराच्या यार्डात. पहाटे पिकअप यायची."

मी गेल्या शनिवारी अम्गऱ्याला गेलो. पत्ता सलीमने दिला होता, तरी तीन यार्डं चुकलो. जुन्या एसींचे, गाड्यांचे, पाइपांचे ढीग, आणि पत्र्याखाली माणसं तांब्याची तार सोलत बसलेली. मुकादम रफीक, बांगलादेशचा. मी तुमचं नाव घेतल्यावर त्याने काम थांबवलं. तुम्ही गेलात हे त्याला माझ्याकडून कळलं. तो थोडा वेळ हातमोज्याने तोंड झाकून उभा राहिला. मग त्याने मला तुमची बसायची जागा दाखवली. उन्हाळ्याचे महिने होते ते, यूनुसभाई. पत्र्याखाली. साखर असलेला पंचावन्न वर्षांचा माणूस तार सोलत होता. मी त्या वेळी रुमैथियाच्या घरात पडद्यांचे रंग निवडत होतो.

रफीक म्हणाला, "फंड आज भी चलता है."

मला कळलं नाही. मी विचारलं, कुठला फंड?

त्याने यार्डाच्या चारी बाजूंना हात फिरवला. "हमारा. यूनुसभाई ने बनाया. जिसकी मजदूरी ज्यादा, वो ज्यादा डालता है. मैं सबसे ज्यादा डालता हूँ. जिसका काम छूटा, उसको छे महीना थोड़ा-थोड़ा मिलता है."

"और जिसने खुद छोड़ा?" मी विचारलं. माझ्या तोंडून दुसरा प्रश्न आलाच नसता.

"साथ में काम करने वाले दो आदमी को पूछते हैं, कैसे छोड़ा. बस." त्याला त्यात काही अवघड वाटत नव्हतं. पाच-सहा यार्डांतले लोक आहेत, म्हणाला. बांगलादेशी, नेपाळी, दोन इजिप्तचे, एक आंध्रचा. एकदा पैसे कमी पडले तेव्हा सगळ्यांनी महिनाभर दुप्पट टाकले. बुडाला नाही. मी नियमांचा कागद मागितला, आमच्या लोकांना दाखवायला. रफीकने मान हलवली. "कागज नहीं है, साहब. यूनुसभाई ने मना किया. बोले, कागज बनेगा तो सब कागज को पूछेंगे, आदमी को कोई नहीं पूछेगा."

आमच्याकडे सात हात मिळालेली सुधारणा तुम्ही तिथे तारा सोलता सोलता अमलात आणली होतीत. आणि परत आमच्यात येऊन दर शुक्रवारी 'एक शंका आहे' म्हणत होतात, पण आपण ते करून दाखवलंय हे कधी सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर आम्हाला गप्प बसावं लागलं असतं. बहुतेक तुम्हाला आम्हाला हरवायचं नव्हतंच. आमच्याकडूनच ते यावं असं तुम्हाला वाटत होतं.

म्हणून काल सभेत मी उभा राहिलो. आधी पाटकरने श्रद्धांजलीचा ठराव वाचला. 'फंडाचे आधारस्तंभ' वगैरे. मग मी बोललो. फोनचं सांगितलं, पाकिटाचं सांगितलं, अम्गऱ्याचं सांगितलं. मध्ये दोनदा थांबलो. कुणी पाणी दिलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

पाटकरने आपली वही मिटली. म्हणाला, "दिनकर, त्या दिवशी तू बोलला असतास तर मी अर्ज मंजूर केला असता. मी साक्षीदारच मागत होतो." त्याच्या आवाजात राग होता, आणि तो माझ्या हक्काचा होता. इतकी वर्षं मी मनातल्या मनात त्याला थोडा दोष देत आलो होतो, तोही गेला.

सहावा नियम रद्द झाला. सगळे हात वर. राजीनामा कसा दिला हे दोन सहकाऱ्यांना विचारून ठरवायचं, आणि मदत सहा महिने. वर्गणी पगाराप्रमाणे घ्यायचा ठराव मात्र पडला, यूनुसभाई. आमच्या हॉस्पिटलवाल्यांनीच पाडला. त्यावर तुम्ही काय बोलला असता ते सगळ्यांना ऐकू येत होतं, म्हणूनच सगळे लवकर उठले. मी चिटणीसपद सोडलं. कुणी नको म्हटलं नाही.

विलासलाही फोन केला. महाडला त्याचं स्वतःचं दुरुस्तीचं दुकान आहे. यूनुसभाई गेले म्हटल्यावर तो हुंदके द्यायला लागला. माझी माफी त्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, "ठीक आहे, साहेब." साहेब म्हणाला.

आज सकाळी भाभींना फोन लावला. या वेळी आधी मीच बोललो. "भाभी, मी त्या दिवशी खोटं हो म्हणालो. फंडाने पैसे दिले नव्हते."

पलीकडे भांड्यांचा आवाज थांबला. "मग आले कुठून?"

मी अम्गऱ्याचं सांगितलं. ऊन सांगितलं नाही, पत्रा सांगितला नाही. त्यांनी स्वतःच विचारलं, "उन्हात?" मी हो म्हटलं. हे हो खरं होतं.

मग म्हणाल्या, "फंडाने का नाय दिलं? फंड तर ह्यांनीच काढलेला."

"भाभी, त्याला कारण मी आहे. मी तुम्हाला सगळं सांगतो."

"थांबा," त्या म्हणाल्या. "हे तुम्ही ह्यांना बोललात कधी? समोर बसून?"

"नाही."

"एकदाही नाय?"

"नाही, भाभी."

"मग आधी त्यांना सांगा, दिनकरभाऊ. मला नंतर." आणि त्यांनी फोन ठेवला. रागाने आपटला नाही. हळूच ठेवला.

म्हणून आज सुटी टाकून बसलो आणि सकाळपासून हे लिहिलं. नलिनी दोनदा जेवायला बोलावून गेली. तुम्ही कुठे ऐकता, ऐकता की नाही, मला ठाऊक नाही. काही वगळलेलं नाही. माफी मागितलेली नाही, कारण ती देणारा माणूस राहिला नाही आणि ती दुसऱ्या कुणाकडून घ्यायचा मला हक्क नाही.

तुम्हाला सांगून झालं, यूनुसभाई. आता भाभींना फोन लावतो.